गाभण गिनीपिग आणि शेळीचे शहाणपण

एप्रिलमध्ये परीक्षा संपतात आणि घराघरांत मुलांचा हट्ट सुरू होतो. कुत्र्याला फ्लॅटमध्ये जागा नसते, मांजर आजीला चालत नाही, मग गिनीपिगची जोडी घरी येते. दुकानदार सांगतो, दोन्ही माद्याच आहेत. महिनाभरात त्यातल्या एकीचे पोट दोन्ही कुशींनी फुगलेले दिसू लागते. तोवर मे उजाडलेला असतो, सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो आणि घरात कोणालाच ठाऊक नसते की आता करायचे काय.

आमच्याकडेही असेच झाले. मादी एका पहाटे व्यायली. आम्ही उठून पाहतो तर तीन पिल्ले उघड्या डोळ्यांनी, अंगावर पुरती लव घेऊन आईच्या मागे तुरुतुरु चालत होती. आयुष्यभर शेळ्या पाळलेल्या माझ्या आईने वाकून पाहिले आणि म्हणाली, "आगं, हे तर करडूच हाय की!"

पुढे या विषयावर जे जे वाचायला मिळाले आणि पशुवैद्यांकडून जे ऐकले, ते सगळे मी त्या एका वाक्याशी ताडून पाहत आले. आईचे म्हणणे बरेच पुढपर्यंत खरे ठरते. काही ठिकाणी मात्र शेळीचे शहाणपण साफ फसते, आणि तिथे फसले तर मादी जाते. या लेखात दोन्हींचा आढावा आहे.

आधी खरे ठरते ते पाहू. गिनीपिग कुरतडणाऱ्या प्राण्यांतला, म्हणून आपण त्याला उंदराच्या रांगेत बसवतो. पण उंदरीण साधारण एकवीस-बावीस दिवसांत विते आणि तिची पिल्ले डोळे मिटलेली, उघडी-नागडी जन्मतात. सशाचे दिवस एकतीसच्या आसपास, पिल्ले तशीच आंधळी. गिनीपिगच्या मादीचे दिवस मात्र ५९ ते ७२, बहुधा ६३ ते ६८. पिल्ले पोटात जास्त असतील तर थोडी लवकर, एकच असेल तर थोडी उशिरा. साधारण तीन-चार पिल्ले होतात. जन्मतः प्रत्येकाचे वजन ६० ते १०० ग्रॅम, डोळे उघडे, दात आलेले. दुधाचे दात तर आईच्या पोटातच पडून गेलेले असतात! मादीला सडही दोनच, अगदी शेळीसारखे. थोडी, मोठी, तयार होऊन आलेली पिल्ले आणि त्यासाठी आईने पोटात काढलेले लांबलचक दिवस: ही रीत शेळीची आहे, उंदराची नाही. म्हणून या मादीची काळजी बाळंतपणानंतर सुरू होत नाही. खरे काम त्या दोन महिन्यांत असते.

या प्राण्याबद्दलची आपली बहुतेक माहिती प्रयोगशाळांतून आलेली आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. महाराष्ट्राशी गिनीपिगचा जुना संबंधही तोच. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. त्यानंतरच्या वर्षांत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग नेमका पसरतो कसा याचा शोध चालू होता. राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने प्लेग, उंदीर आणि पिसवा यांची सांगड घालणारा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडला आणि १९०५ मध्ये तो सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा केल्या गेल्या. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग प्लेगने मरतात आणि दोन फुटांवरचे वाचतात, हे तिथेच दिसले. पिसू किती उंच उडी मारते, हे या मुक्या जिवांनी जीव देऊन सांगितले. आपल्या माणसांच्या पिढ्या वाचण्यात त्यांचा वाटा आहे आणि तो मला लहान वाटत नाही.

पण प्रयोगशाळेला हवी असतात भरपूर पिल्ले, तीही ठरल्या वेळी. तिथे खोलीचे तापमान वीस-बावीस अंशांवर बांधलेले असते. नर माद्यांसोबत कायम ठेवतात, म्हणजे मादी वर्षात चार-पाच वेळा विते. पुस्तकांतले पुष्कळ आकडे या व्यवस्थेतून आलेले आहेत. ते आकडे खोटे नाहीत, पण जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावर किंवा विजापूर वेशीजवळच्या पत्र्याच्या खोलीत ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्याला पिल्लांची संख्या वाढवायची नाही. आहे ती मादी आणि तिची पिल्ले जगवायची आहेत. उद्देश बदलला की सल्लाही बदलतो.

मादी गाभण आहे हे ओळखायचे कसे? पहिले तीन-चार आठवडे बाहेरून काही कळत नाही. पशुवैद्याच्या सरावलेल्या बोटांना लवकर कळते, पण घरच्यांनी पोट दाबून पाहू नये, त्याने गर्भाला इजा होते. घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा पुरेसा आहे. दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच वेळी वजन करून वहीत लिहावे. मोठ्या मादीचे वजन ७०० ते ९०० ग्रॅम असते. खाणे तेच असताना ते आठवड्यामागून आठवडा चढत राहिले तर शंका घ्यावी. दीड महिन्यानंतर कुशीवर तळहात नुसता ठेवला तरी आतली हालचाल जाणवते. त्यानंतर तिला उगाच उचलू नये. उचलावेच लागले तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, सगळा भार तळहातावर. मुलांच्या मांडीवर खेळायचे दिवस तिच्यापुरते संपले, हे मुलांना समजावून सांगावे. मुलांना कळते.

आता चारा. इथे सोलापूरचा माणूस परदेशी पुस्तकांपेक्षा पुढे आहे, फक्त त्याला ते ठाऊक नसते. पुस्तके टिमोथी नावाच्या गवताच्या वाळल्या पेंढ्या सांगतात. तो माल आपल्याकडे बाहेरून येतो आणि महाग पडतो. पण ज्या चाऱ्यावर गाभण शेळी पोसली जाते त्यातला बराचसा हिलाही चालतो. सर्वांत आधी लसूणघास. मोठ्या, गाभण नसलेल्या गिनीपिगला तो रोज देऊ नये, कारण त्यात कॅल्शियम फार आणि त्याने मूत्राशयात खडे होतात. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला मात्र तेच कॅल्शियम आणि प्रथिने हवी असतात, वाढत्या पिल्लांनाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे आरएल-८८ हे वाण आपल्याकडे शेतकरी लावतात. ज्याच्याकडे दुभती जनावरे आहेत अशा कोणाही ओळखीच्या माणसाकडून मूठभर मिळू शकतो. एक पथ्य शेळीवाल्यांना सांगावे लागत नाही, शहरातल्यांना सांगावे लागते: ओला, दवाने भिजलेला लसूणघास लगेच घालू नये, पोट फुगते. सावलीत पसरून कोमेजू द्यावा, मग घालावा. आणि नावावर जाऊन कोणी खरा लसूण घालू नये. लसूण, कांदा, कांद्याची पात या प्राण्याला विषारी आहेत.

पण लसूणघास हा जोड आहे, पोटाचा आधार वाळलेले गवतच. हरळी, मारवेल, पवन्या ही आपल्या माळावरची गवते उत्तम. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हरळीच. ती कुठेही मिळते, फक्त तणनाशक मारलेल्या बांधावरची किंवा गटाराच्या कडेची नको. गवत दिवसरात्र पिंजऱ्यात असावे, कारण या प्राण्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि आतडे सतत भरते राहिले तरच चालते.

ज्वारीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याची मालदांडी आणि तिचा कडबा हा आपल्या जनावरांचा जीव. चांगला वाळलेला कडबा, विशेषतः त्याची पाती, गिनीपिगने चघळायला हरकत नाही. पण कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेले फुटवे, पावसाने ताण दिलेले खुरटे पीक यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. गुरे दगावली की शेतकरी म्हणतात, किरळ लागली. जी किरळ म्हशीला आडवी करते ती नऊशे ग्रॅमच्या मादीला किती वेळ देईल? हिरवी कोवळी ज्वारी पिंजऱ्याजवळही आणू नये.

भाजीत कोथिंबीर, शेपू, मेथी, गाजराचा पाला ठीक. पालक, चुका, राजगिरा यांत ऑक्झॅलेट जास्त, क्वचितच द्यावे. बटाट्याची साल आणि मोड कधीच नको.

शेळीचे शहाणपण पहिल्यांदा फसते ते क जीवनसत्त्वाच्या बाबतीत. शेळी ते आपल्या शरीरात बनवते. गिनीपिगला, आपल्यासारखेच, ते बनवता येत नाही. हे कळले तेही अपघाताने. १९०७ मध्ये नॉर्वेत, तेव्हाच्या क्रिस्तियानियात, अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे खलाशांच्या बेरीबेरीसारख्या आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर आणि पावावर ठेवले. बेरीबेरी झाला नाही, स्कर्व्ही झाला. त्या वाटेने पुढे क जीवनसत्त्व हाती लागले आणि आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ चे नोबेल मिळाले. आपल्या घरांत आजही पुष्कळ गिनीपिग नेमक्या त्याच आहारावर असतात: मूठभर ज्वारी, गहू, पोळीचा तुकडा, बिस्किट. होल्स्ट आणि फ्रोलिश यांचा प्रयोग आपण नकळत पुन्हा करत असतो, तोही गाभण मादीवर.

साध्या गिनीपिगला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, गाभणीला ३० पर्यंत. म्हणजे ९०० ग्रॅमच्या मादीला साधारण २७ मिलिग्रॅम. हिरव्या ढोबळ्या मिरचीत शंभर ग्रॅमला ऐंशीच्या आसपास असते, तर मध्यम मिरचीचा तिसरा हिस्सा पुरला. पेरूत त्याच्या दुप्पट-अडीचपट, तर एक लहान फोड पुरली. पेरूत साखर असते, म्हणून फोड लहानच. लक्ष्मी मंडईत दोन्ही बारमाही मिळतात आणि खर्च दिवसाला दोन-चार रुपयांच्या पुढे जात नाही. पाण्यात थेंब टाकायची पद्धत मला पटत नाही: उजेडात आणि पाण्यात हे जीवनसत्त्व तासांत विरते, आणि चव बदलल्याने मादी पाणी कमी पिते. पिशवीतल्या खाद्याचेही तसेच. तयार झाल्यावर तीनेक महिन्यांत त्यातले क जीवनसत्त्व बरेच गेलेले असते आणि दुकानाच्या फळीवर ती पिशवी किती उन्हाळे बसून आहे ते कोण सांगणार? खडबडीत केस, सुजलेले सांधे, हलायला नकोसे होणे, हिरड्यांतून रक्त ही लक्षणे दिसेपर्यंत पोटातली पिल्ले बहुधा गेलेली असतात.

यानंतरचा विषय ऊन. सोलापुरासाठी हाच मुख्य विषय आहे असे माझे ठाम मत आहे, आणि परदेशी पुस्तके त्याला चार ओळींत उरकतात. गिनीपिगचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो पाळीव केला, स्वयंपाकघरात चुलीजवळ वाढवला. त्या उंचीवरची हवा थंड. प्राणी गोलमटोल, दाट लव असलेला, घाम न येणारा. त्याला १८ ते २४ अंश सुखाचे. सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे त्रास सुरू होतो, तिशीच्या पुढे जिवावर बेतते आणि पोटात चार पिल्ले असलेल्या मादीला इतरांहून आधी. उष्णतेने गर्भ पडतो, पिल्ले मृत जन्मतात, मादी स्वतः काही तासांत जाते. कुशीवर आडवी पडलेली, तोंडातून लाळ, धाप लागलेली मादी दिसली तर गार (बर्फाचे नव्हे) पाण्याने पाय, कान आणि पोटाखालचा भाग भिजवावा आणि तडक डॉक्टरकडे न्यावी.

आपली जुनी माळवदाची घरे या कामी फार चांगली होती. मातीचे जाड छत दुपारच्या उन्हाला आत येऊ देत नसे. आता छत सिमेंटचे किंवा पत्र्याचे. अशा घरात पिंजरा सर्वांत खालच्या मजल्यावर, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत, फरशीवर ठेवावा. गच्ची, बाल्कनी, पत्र्याखालची जागा वर्ज्य. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर इथे उत्तम चालतो, किनारपट्टीपेक्षा कितीतरी चांगला. वाळ्याचा ओला पडदाही चालतो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच कूलर निकामी होतो आणि खोलीतली घुसमट वाढवतो. तेव्हा कूलर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि पंखा लावावा. वीज गेली तर? फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवावी, मादी हवे तेव्हा तिला टेकेल. मातीचा फुटका माठ पालथा घालून त्याला दार पाडले तर लपायला थंड गुहा होते, आणि बाहेरून ओले फडके गुंडाळले की आणखी थंड. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून साठवणीतलेच पाणी तिला मिळते. ते झाकलेले असावे आणि दिवसातून दोनदा बदलावे. गाभण मादी नेहमीपेक्षा बरेच जास्त पाणी पिते.

अंथरायला वखारीतला भुसा नको, त्याची धूळ श्वासात जाते. सोलापूरचा टॉवेल प्रत्येक घरात असतो आणि लोक प्रेमाने तोच घालतात. पण त्याच्या उभ्या फाशांत मादीची नखे आणि पिल्लांचे पाय अडकतात. त्यापेक्षा जुन्या चादरीचा सपाट विणीचा तुकडा घ्यावा. खाली वर्तमानपत्र, वर वाळले गवत.

उन्हाच्या हिशेबातून एक साधा निष्कर्ष निघतो. मार्चमध्ये नर-मादी एकत्र आले तर मादी मेच्या भट्टीत विते. सप्टेंबरच्या सुरुवातीला आले तर साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ठरवून पिल्ले घ्यायचीच असतील तर सोलापुरात दुसरा काळ निवडावा, आणि दिवाळीच्या फटाक्यांपासून पिंजरा आतल्या खोलीत हलवायची तयारी आधीच ठेवावी. माझे स्वतःचे मत आहे की घरी ठरवून पिल्ले घेऊच नयेत. पण ज्यांना घ्यायची आहेत त्यांना किमान महिना तरी कळावा.

पुन्हा शेळीकडे येते. आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी प्रसिद्ध. जुळी असलेली शेळी शेवटच्या महिन्यात अचानक चारा सोडते, सुस्त होते, तोंडाला गोडसर वास येतो, हे जुन्या मेंढपाळ-शेळीपाळांना ठाऊक असते. करडांनी पोटातली जागा व्यापलेली, चारा मावत नाही, ऊर्जा मात्र दुप्पट हवी. मग शरीर चरबी वितळवते आणि रक्तात किटोन साठतात. गिनीपिगच्या मादीला हाच आजार होतो, शेवटच्या दोन आठवड्यांत आणि व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात. चार पिल्ले प्रत्येकी नव्वद ग्रॅमची धरली तर ३६० ग्रॅम झाली, आणि आई ९०० ग्रॅमची. साठ किलोच्या बाईने चोवीस किलोचे बाळ वाहण्यासारखे हे आहे. लठ्ठ मादी, पहिलटकरीण, आणि एखादा दिवस उपाशी राहिलेली मादी यांना धोका सर्वांत जास्त. उपचार बहुतेक वेळा हरतात, म्हणून प्रतिबंधच खरा. गाभणपणाआधी तिला धान्य-बिस्किटांनी लठ्ठ करू नये. शेवटच्या तीन आठवड्यांत चारा, जागा, सोबत यांपैकी काहीही बदलू नये, प्रवास करू नये, पाहुण्यांच्या मुलांना पिंजऱ्याभोवती जमू देऊ नये. आणि बारा तास तिने तोंडात काही घातले नाही तर "उद्या पाहू" म्हणू नये. मेडिकलमध्ये मधुमेहींसाठी लघवीतले किटोन तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या डॉक्टरकडे जाताना सोबत नेल्या तर निदानाला वेळ जात नाही.

शेळीचे शहाणपण दुसऱ्यांदा फसते ते मादीच्या वयाबाबत. शेळी जरा उशिरा गाभण राहिली तर आपण म्हणतो, बरे झाले, अंगाने भरली. गिनीपिगचे उलट. पिल्लू मोठे आणि वाट अरुंद, म्हणून बाळंतपणाआधी तिच्या कटीची पुढची दोन हाडे एकमेकांपासून सरकतात. हे घडवणारा रिलॅक्सिन हा स्राव फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये गिनीपिगमध्येच ओळखला. मानवी बाळंतपणाबद्दलची आपली समजही त्यातून वाढली. मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर पुढे तो सांधा घट्ट होतो आणि वेळेला पुरेसा उघडत नाही. नेमका महिना कोणी सहा सांगतो, कोणी आठ, आणि हा नियम जरा ताणला जातो असे म्हणणारेही पशुवैद्य आहेत. तरी उशिराची पहिली खेप धोक्याची, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. तुमची मादी वर्षाची असेल आणि पहिल्यांदाच गाभण राहिली असेल तर पन्नासाव्या दिवसाच्या आसपास डॉक्टरकडून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवावा. लहान प्राण्यांची अशी शस्त्रक्रिया करणारे हात अजून मुख्यतः पुण्या-मुंबईकडे आहेत. पुणे अडीचशे किलोमीटर. अडलेल्या मादीला घेऊन मेच्या दुपारी तो रस्ता कापणे म्हणजे तिला गमावणेच.

बाळंतपण बिनबोभाट झाले तर तुम्हाला दिसतही नाही. मादी घरटे करत नाही, काही वेगळे वागत नाही. अर्ध्या तासात सगळे उरकते, दोन पिल्लांत काही मिनिटांचेच अंतर असते. ती बसल्या बसल्या मान पोटाखाली घालून पिल्लू ओढते, दातांनी पडदा फाडते, चाटून कोरडे करते आणि वार खाऊन टाकते. त्याची किळस करू नये, काढूनही घेऊ नये. तुम्ही दूर बसावे. दोनच वेळा हात घालावा. पिल्लू बाहेर आले आणि आई पुढच्यात गुंतल्याने त्याच्या तोंडावरचा पडदा तसाच राहिला, तर तो बोटाने फाडून पिल्लू कोरड्या फडक्याने चोळावे. आणि वीस-तीस मिनिटे जोरदार कळा येऊनही काही बाहेर येत नसेल, किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर घरगुती उपाय न करता निघावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत गिनीपिगला लागू नाही.

इथेच तिसरा मोठा फरक. शेळी व्यायल्यावर पुन्हा माजावर यायला आठवडे-महिने जातात. गिनीपिगची मादी काही तासांतच माजावर येते. नर जवळ असेल तर ती त्याच दिवशी पुन्हा गाभण राहते, अंगावर पिल्ले पीत असताना. प्रयोगशाळेला हे सोयीचे, मादीला जीवघेणे. म्हणून नर पन्नासाव्या दिवसाआधीच वेगळा झाला पाहिजे. व्यायल्यावर वेगळा करणे म्हणजे उशीर. दुसरी मादी सोबत असेल तर ती राहू द्यावी, पुष्कळदा तीही पिल्लांची राखण करते, दूध असेल तर पाजतेही.

पिल्लांचे पहिले दिवस पाहणे हा मोठा आनंद आहे. पहिल्या दिवशी ती फारसे पीत नाहीत, वजन किंचित उतरते, घाबरू नये. तिसऱ्या दिवसापासून ते चढायला हवे, म्हणून रोज त्याच वजनकाट्यावर पाहावे. करडाला चीक मिळाला नाही तर ते जगणे अवघड, कारण त्याची सगळी प्रतिकारशक्ती चिकातून येते. गिनीपिगच्या पिल्लाला ती बरीचशी पोटात असतानाच मिळते. तरी पहिल्या तीन-चार दिवसांचे आईचे दूध मोलाचेच. दोन सडांवर चार-पाच पिल्ले असतील तर अशक्त पिल्लाला दिवसातून तीन-चारदा एकट्याने आईजवळ सोडावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती गवत कुरतडू लागतात आणि आईच्या लेंड्याही खातात. ती घाण नाही, आतड्यात पचनाचे जंतू वसवायची तीच वाट आहे. पाण्याची नळी आणि गवत त्यांच्या उंचीला आणावे. पसरट, खोल पाण्याची वाटी नको, पिल्लू बुडते. हिवाळ्यात जन्मली तर रात्रीच्या गारठ्यात कोपऱ्यात गवताचा ढीग हवा. उन्हाळ्यात जन्मली तर कूलरचा झोत थेट अंगावर नको. आईचे सड लाल, गरम, कडक झाले आणि ती पिल्लांना झिडकारू लागली, तर शेळीला होते ती दगडीच समजा आणि त्याच दिवशी उपचार करा.

आई गेलीच तर पिल्ले जगू शकतात, कारण ती खाऊ लागलेली असतात. भिजवलेले खाद्य, कोमेजलेला लसूणघास आणि डॉक्टरांनी सांगितलेले दूध सुईशिवायच्या सिरिंजने थेंब थेंब, पिल्लू उभे धरून. बाळासारखे पाठीवर झोपवून पाजले की दूध फुप्फुसात जाते. आई चाटून त्यांना शी-शू करवते. ते काम तुम्हाला ओल्या कापसाने करावे लागेल.

औषधांबद्दल एक गोष्ट या लेखातून कापून ठेवावी अशी आहे. पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे शेळी-गाईला सर्रास दिली जातात. गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मात्र ती, तसेच लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन, मारून टाकतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत मरतो. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी २५ मे १९४० रोजी पेनिसिलिनची पहिली कसोटी उंदरांवर घेतली. ती गिनीपिगवर घेतली असती तर हे औषध विषारी ठरवून कदाचित बाजूला पडले असते. आपल्याकडचे सरकारी आणि खासगी पशुवैद्य मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या, अलीकडे कुत्री पाहतात आणि त्यात त्यांचा हात पक्का असतो. गिनीपिग त्यांच्यासमोर क्वचित येतो. तेव्हा नम्रपणे विचारावे, "डॉक्टर, हे गिनीपिगला चालते ना?" विचारलेले कोणाही चांगल्या डॉक्टरला आवडते.

राहता राहिला एकविसावा दिवस. त्या दिवशी पिल्ले दूध सोडायला तयार असतात, वजन १८० ग्रॅमच्या आसपास गेलेले असते, आणि त्याच दिवशी नर पिल्ले आई-बहिणींपासून वेगळी करावी लागतात. कारण तीन-चार आठवड्यांत ती वयात येऊ लागतात आणि बहिणी चौथ्या-पाचव्या आठवड्यात गाभण राहू शकतात. दुकानातल्या "दोन माद्या" गाभण कशा निघतात, त्याचे उत्तर इथे आहे: कोणी तरी कुठे तरी एकविसावा दिवस चुकवला. नर-मादी ओळखणे अवघड नाही. मादीच्या ठिकाणी इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण दिसते, नराच्या ठिकाणी ठिपका आणि हलके दाबले तर बाहेर येणारे इंद्रिय. पाच मिनिटांत कोणताही पशुवैद्य शिकवतो.

प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ पासून केंद्राचे नियम आहेत आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय असे दुकान चालवता येत नाही. या सुट्टीत मुलाच्या हट्टाखातर दुकानात गेलात तर आधी नोंदणीचा कागद पाहा. नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत आहेत का ते पाहा. नसतील, तर प्राणी न घेता परत फिरा. मुलाला तिथेच उभे राहून कारण सांगा, आणि घ्यायचेच असेल तर ऑक्टोबरात या.